तुबलीत निवडलेली बंदूक

माझ्या सासरच्या घरातली एकही वस्तू सासरच्या गावात निवडलेली नाही. जिन्याचा कठडा, न्हाणीतले नळ, पडवीतला पंखा, विहिरीवरचा पंप, सगळं इथे बहारीनमध्ये, तुबलीच्या आमच्या दोन खोल्यांत बसून ठरलेलं आहे. लोकांना वाटतं, पैसा इथून जातो म्हणून असेल. तसं नाही. गावच्या घराची भिंत उभी राहते तेव्हा आमची माणसं तिथे नसतात, पाहुणे येतात तेव्हा नसतात, कुणाला ताप भरतो तेव्हाही नसतात. हातात उरतं एकच काम, ते म्हणजे निवडणं. मग ते इतकं मन लावून करतात की बघणाऱ्याने कंटाळून जावं. माझ्या मिस्टरांनी विहिरीचा पंप ठरवायला आख्खा रमजान लावला होता.

हे इथून जवळच, सित्र्याला एका कंपनीत मेंटेनन्सला आहेत. कुठलंही यंत्र दिसलं की त्याचं पोट उघडून बघितल्याशिवाय यांना चैन पडत नाही. तिकडे रायगडात, गावच्या घरी, आता फक्त माझे सासरे असतात, अब्बा. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली, नणंद पनवेलला दिलेली. अब्बा एकटेच राहतात आणि इथून पोचलेल्या प्रत्येक वस्तूला फोनवर एकच शेरा देतात: "चांगली हाय." न्हाणीतला नळ यांनी असा उंच आणि तोऱ्याचा निवडला की पाणी बादलीत कमी आणि अंगावर जास्त. अब्बांनी त्याच्या तोंडाला जुन्या बनियनची चिंधी बांधली, "चांगली हाय" म्हणाले आणि विषय मिटला. ती चिंधी मी सुट्टीवर गेले तेव्हा पाहिली. यांनीही पाहिली, पण यांना वाटलं, नळाचा वायसर गेला असेल.

भातशेती एकट्याने झेपेना तेव्हा अब्बांनी घरामागच्या खाचरात शेततळं खणून घेतलं. तळाला आणि बाजूंना जाड काळं प्लास्टिक अंथरतात, त्याला तिकडे कागद म्हणतात. कागदावर पाणी भरलं आणि त्यात रोहू-कटल्याचं बीज सोडलं. तेव्हापासून अब्बांचा दिवस तळ्याच्या बांधावर उगवतो आणि तिथेच मावळतो. फोनवर आधी आमची विचारपूस आणि मग माशांची बातमी, अशी सुरुवातीला रीत होती. वर्षभरात ती उलटी झाली, आणि आमच्यापर्यंत येता येता कधी कधी चार्जिंग संपायचं.

गेल्या उन्हाळ्यात घुशींनी घात केला. बांध आतून पोखरला, कागद कुरतडला, आणि एका रात्रीत पाणी उतरलं. सकाळी मासे चिखलात तडफडत होते. हे सांगताना अब्बांचा आवाज नेहमीसारखाच होता, म्हणून मला जास्त वाईट वाटलं. म्हणाले, "कागदाला ठिगळ लावून परत भरतो. पण पुन्यांदा पाणी उतरलं, तर तळं बुजवीन आणि जाईन पोरीकडं पनवेलला. घराला टाळा."

नणंद त्याचीच वाट पाहत होती. ती प्रेमळ आहे, करील सगळं. पण तिचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर आहे आणि अब्बा तिथे चार दिवस राहिले तरी सुकल्यासारखे दिसतात. गॅलरीतून पलंग आणि पलंगावरून गॅलरी, एवढंच चालणं. यंदा तळं टिकलं तरच अब्बा आपल्या घरात राहतील, हे आम्हाला न बोलता कळलं होतं. हे त्या दिवशी ड्युटीवरून आले आणि बूट न काढताच बसून राहिले.

घुशींना विष घालायची सोय नव्हती. पाण्यात गेलं तर मासे मरणार, बाहेर राहिलं तर शेजाऱ्यांच्या कोंबड्या. पिंजरा लावला तर त्यात एक मुंगूस सापडलं आणि अब्बांनी त्याची माफी मागून त्याला सोडून दिलं. मग यांनी इथे बसून एक कॅमेरा निवडला आणि तळ्याकाठच्या माडाला बसवायला लावला. त्यातून बोलायची आणि ऐकायचीही सोय होती. इथे पहाटेचे चार वाजले की तिथे साडेसहा होतात आणि बगळे तळ्यावर उतरतात. नमाजाला उठलेले हे फोन तोंडाशी धरून "हुर्र्र, यल्ला, यल्ला" करून ओरडायचे आणि रायगडातले बगळे उडून जायचे. आमची मुलगी पांघरुणातून म्हणायची, "पप्पा, दे डोन्ट नो अरेबिक." ती मराठी समजते सगळी, पण तिचं उत्तर कायम इंग्रजीत.

पाखरांना मारायला कायद्याने मनाई आहे, आणि ती नसती तरी अब्बांनी मारली नसती. बगळा आपल्या वाट्याचे दोन मासे खातो, घूस आख्खं तळं खाते, असं त्यांचं म्हणणं. घुशींवर ओरडण्याचा काही परिणाम होईना. त्या कॅमेऱ्यात मान वर करून बघायच्या आणि परत उकरायला लागायच्या. शेवटी बंदूक घ्यायचं ठरलं.

बंदूक म्हणजे छर्ऱ्याची, हवेवर चालणारी. साडेचार मिलिमीटरचा बारीक छर्रा आणि जोर ठरावीक मर्यादेच्या आत असेल, तर आपल्याकडे तिला लायसन लागत नाही, ओळखपत्र दाखवून मिळते. इथे बहारीनमध्ये असली वस्तू घरात आणायचा विचारही शहाणा माणूस करणार नाही. तेव्हा नेहमीप्रमाणे घेणं तिकडे आणि निवडणं इकडे. बंदूक स्वस्तातली हवी होती, कारण घुशींसाठी कोण खजिना उधळणार. आणि तिच्यावर दुर्बीण हवी होती, कारण अब्बांच्या डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली होती आणि नुसत्या नजरेने नेम धरणं आता जमणारं नव्हतं.

शुक्रवारी दुपारी आमच्याकडे यांचे एक दोस्त जेवायला असतात. शेजारच्याच गावचे, तुबलीत खाडीजवळ त्यांचं गॅरेज आहे. लहानपणी मामाच्या बंदुकीने त्यांनी कैऱ्या पाडल्या होत्या, तेवढ्यावर ते या विषयातले तज्ज्ञ ठरले. मी इथला साफी मासा तळत होते, तांदळाच्या भाकऱ्या थापत होते, आणि बाहेर दोघांचं चाललं होतं. आधीच हवा भरून ठेवायच्या बंदुका महाग, शिवाय त्यांना वेगळा पंप लागतो, म्हणून त्या बाद. राहिल्या स्प्रिंगच्या. तसल्या बंदुकीची नळी मधून मोडून खाली ओढायची, खट्ट वाजलं की स्प्रिंग अडकते, मग छर्रा घालून नळी परत वर करायची. जोर जितका जास्त, तितकी ती ओढायला जड. दुर्बिणीचंही मोठं शास्त्र निघालं. स्प्रिंगची बंदूक झाडली की आधी मागे आणि मग पुढे असे दोन हिसके देते. साधी दुर्बीण त्या दुसऱ्या हिसक्याने खिळखिळी होते, म्हणून तो सोसणारी हवी आणि जवळचं स्पष्ट दाखवणारी हवी. मला यातलं काहीएक शिकायचं नव्हतं, तरी मी शिकले.

"ओढायला जड पडेल का पण?" दोस्तांनी एकदा विचारलं होतं, ते मला आठवतं. यांनी हात उडवला. अब्बा पंप एकटे उचलतात विहिरीतून, म्हणाले, त्यांना काय जड. दोस्तांनाही ते लगेच पटलं. खरं सांगायचं तर मलाही पटलं. आमच्या तिघांच्या डोळ्यांसमोर एकच अब्बा होते, खांद्यावर पंप घेऊन विहिरीच्या पायऱ्या चढणारे. ते दृश्य किती जुनं आहे हे कुणीच मोजलं नाही.

अनेक शुक्रवार गेले. जेवणाच्या मेजावर बंदुकांचे व्हिडिओ, आंघोळीच्या रांगेत बंदुकांचे व्हिडिओ. शेवटी मी वैतागून म्हटलं की तुमचं ठरेपर्यंत त्या घुशी म्हातारपणाने मरतील. त्या रागाचा उपयोग झाला. कायद्याच्या मर्यादेत बसणाऱ्या बंदुकांमधली सगळ्यात जोराची, त्यातल्या त्यात परवडणारी, यांनी पुण्याच्या एका दुकानातून ठरवली. तिच्यावर हिसका सोसणारी दुर्बीण, सोबत छर्ऱ्यांचा डबा. गावातले एकजण पुण्याला गेले होते, ते घेऊन आले.

"चांगली हाय," अब्बा म्हणाले.

त्यानंतर रोज सकाळी कॅमेऱ्यात एक देखणं दृश्य दिसायला लागलं. अब्बा डोक्यावर जाळीची टोपी घालून बांधावरच्या खुर्चीत ताठ बसलेले आणि मांडीवर बंदूक. यांनी तो फोटो कंपनीच्या बसमध्ये सगळ्यांना दाखवला. घूस मिळाली का विचारलं की अब्बा म्हणायचे, येतात, जातात. नेम जुळवला का विचारलं की म्हणायचे, जुळतोय. हे खूश होते. यांचं एवढं हसरं तोंड मी पगारवाढीच्या दिवशीही पाहिलं नव्हतं.

मी एका दवाखान्यात रिसेप्शनला आहे, गुरुवारी मला सुट्टी असते. अशाच एका गुरुवारी दुपारी सहज कॅमेरा उघडला. त्या वेळी आमच्यापैकी कुणी बघत नसतं, हे अब्बांना माहीत. ते बांधावर उभे होते. बंदुकीचा दस्ता कमरेला टेकवून नळी खाली ओढत होते. ती अर्ध्यावर आली आणि थांबली. त्यांनी सावकाश, जपून परत वर जाऊ दिली. मग दस्ता मांडीवर दाबून पाहिलं. मग माडाच्या बुंध्याला लावून दोन्ही हातांनी. खट्ट काही वाजेना. खाली बसून ते उजव्या हाताचा अंगठा डाव्या हाताने चोळत राहिले, बराच वेळ. मग त्यांचं लक्ष कॅमेऱ्याकडे गेलं. ते उठले, खुर्ची उचलली आणि कॅमेऱ्याच्या टप्प्यातून बाहेर गेले. तिकडून मला नुसता धापेचा आवाज येत होता. थोड्या वेळाने टोपी नीट करून, तोंड पुसून ते परत आले, खुर्ची जागेवर ठेवली आणि बंदूक मांडीवर घेऊन ताठ बसले. मी फोन उपडा ठेवला आणि रडले.

संध्याकाळी यांना सांगितलं तर यांना रागच आला. नव्या स्प्रिंगा जड असतात, म्हणाले, वापरून मोकळ्या होतात. माझ्यासमोरच अब्बांना फोन लावला. बंदूक ओढायला त्रास होतो का, विचारलं. पलीकडून आलं ते ठरलेलंच, "चांगली हाय." यांनी माझ्याकडे विजयी नजरेने पाहिलं. आता मात्र माझंही डोकं फिरलं. मी म्हटलं, "न्हाणीतल्या नळाची चिंधी आठवते? तो नळ गळत नव्हता. तुमचा नळ पाणी उडवतो म्हणून अब्बांनी ती बांधलीय, आणि तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाहीत."

हे त्या रात्री जेवले नाहीत, टीव्ही लावला नाही. रविवारी ड्युटीवर जाताच लीव्हचा अर्ज दिला.

घरी पोचलो तेव्हा अब्बा दारात उभे होते. दोन सुट्ट्यांमध्ये माणूस एवढा लहान होतो हे कॅमेऱ्यात कळत नाही, कॅमेरा माडावरून बघतो आणि तिथून सगळेच लहान दिसतात. छर्ऱ्यांचा डबा फळीवर होता, वरचा कागदही न फाडलेला. तळ्याच्या बांधाला दोन ताजी बिळं होती. पाणी अजून होतं. यांनी बंदूक हातात घेतली, नळी मोडून एका झटक्यात ओढली. खट्ट. मग वळून अब्बांच्या हातांकडे पाहिलं. अंगठ्यांची मुळं सुजून गाठीसारखी झाली होती.

"सांगायचं तरी होतं," हे म्हणाले.

"तू तिकडं बसून एवढा मन लावून निवडतोस," अब्बा म्हणाले. "मना ठाव हाय."

विहिरीवर जायचं निमित्त काढून हे निघून गेले आणि बऱ्याच वेळाने तोंड धुऊन आले.

दोन दिवसांनी अब्बा, हे आणि मी ताम्हिणी घाटातून पुण्याला गेलो, मुलगी पनवेलला नणंदेकडे राहिली होती. अब्बांनी ईदचे कपडे घातले होते. दुकानदार जाणता होता. जुनी बंदूक न वापरलेली बघून बदलून द्यायला तयार झाला. सवयीप्रमाणे हे जोर, वेग, पल्ला असं सुरू करणार होते, मी त्यांच्या दंडाला चिमटा काढला. मग दुकानदाराने बंदुका एकेक करून काउंटरवर ठेवल्या आणि अब्बा एकेक उचलून पाहू लागले.

पहिली हललीच नाही. दुसरी ओढली गेली, पण अब्बांची मान थरथरली आणि ओठ दातांखाली गेले. यांचे हात नकळत पुढे झाले होते, ते यांनी पाठीमागे एकमेकांत अडकवून धरले. यंत्र बिघडलेलं दिसत असताना हात न लावणं यांना आयुष्यात जमलेलं नाही. त्या दिवशी जमवलं. तिसरी बंदूक छोटी आणि हलकी होती. नवशिके घेतात ही, दुकानदार जरा संकोचून म्हणाला. अब्बांनी दस्ता कमरेला लावला आणि नळी ओढली. खट्ट. दुकानदाराने अडकलेली स्प्रिंग सोडवून दिल्यावर त्यांनी पुन्हा ओढली. खट्ट. लहान मुलासारखे हसले.

"ही," म्हणाले.

हिचा जोर कमी आहे, लांबून घुशीला नीट लागणार नाही, उगाच जखमी होईल, असं हे समजावू लागले. अब्बांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग जवळ बसेन." जुनीच दुर्बीण हिच्यावर बसत होती. दुकानदार ती आवळत असताना अब्बा काउंटरवरचा छर्रा बोटाने इकडून तिकडे लोळवत होते. मग त्याच्यावरची नजर न काढता म्हणाले, "अजून दोन-तीन वर्षं मी ही ओढीन. फुडं ओढायला तू ये."

आता एक सांगायला हवं. परत कधी येणार, हा प्रश्न आमच्या घरी नवा नाही, आणि यांचं उत्तरही नवं नाही. मी विचारलं, नणंदेने विचारलं, दोस्तांनी विचारलं, सगळ्यांना एकच उत्तर, इंशाल्ला. यांचं इंशाल्ला म्हणजे इतक्यात नाही, हे आमच्या मुलीलाही पाठ आहे. यांनी तोंड उघडलं, पण अब्बांनी हात वर केला.

"अल्लाची मर्जी मी त्याला विचारीन," अब्बा म्हणाले. "तू तुझी सांग."

हे दुर्बिणीचे स्क्रू बघत राहिले. मग म्हणाले, "येतो."

उरलेल्या सुट्टीत यांनी बिळांच्या समोर, अगदी जवळ, बांबू आणि माडाच्या विणलेल्या झापांची एक बसायची जागा केली. पुठ्ठ्यावर छर्रे मारून दुर्बीण जुळवली. पाण्याच्या दिशेने छर्रा सोडायचा नाही, तो पाण्यावरून उसळतो, मागे मातीचाच बांध हवा, हे अब्बांनीच यांना शिकवलं. कागदाला नवी ठिगळं लावली. निघायच्या आदल्या दिवशी यांनी न्हाणीतला तो तोऱ्याचा नळ काढून टाकला आणि तालुक्याच्या बाजारातून, कुणालाही न विचारता, एक साधा बुटका नळ आणून लावला. अब्बांनी चिंधी धुऊन वाळत घातली.

परत आल्यावर पहिल्या आठवड्यातच अब्बांचा फोन आला की एक गेली. मग दुसरी गेली. भर उन्हाळ्यातही तळ्यात पाणी टिकलं. नणंदेने पनवेलला अब्बांसाठी लावलेला पलंग उन्हाळ्यातच काढून टाकला, जरा रुसूनच.

आता पहाटे हे बगळ्यांवर ओरडतात त्याच्या आधी फोनमधून एक आवाज येतो. अब्बा झापांखाली जाऊन बसले की आधी बंदूक ओढतात. खट्ट. त्या आवाजाने मला जाग येते आणि मी समाधानाने कूस बदलते. घड्याळ लावणं मी सोडून दिलंय.

परवाच्या रविवारी तो आवाज आला नाही. हे ड्युटीची पिशवी खांद्याला लावून दारात उभे होते, खाली बस यायची वेळ झालेली. फोनमधून नुसती घासघास ऐकू आली, मग शांतता. मी उठून बसले. मुलगीही पांघरूण बाजूला करून बघायला लागली. मग परत घासघास आणि मग, दमून आल्यासारखं, खट्ट. आम्ही कुणी काही बोललो नव्हतो, तरी अब्बांना कळलं असावं. फोनमधून त्यांचा आवाज आला, "ऐकतोस काय रे? चांगली हाय."

हे बसला गेले. संध्याकाळी आले, बूट काढले, हातपाय धुतले आणि ताटावर बसले. मी भाकरी वाढत होते. ऑफिसात विचारून आलो, म्हणाले, नोकरी सोडायची नोटीस उद्याच देतो. मी हातातली भाकरी तशीच धरून उभी राहिले. एका पंपासाठी आख्खा रमजान लावणाऱ्या माणसाने हे एका दिवसात ठरवलं होतं.